मायलेज चालकाच्या पायात असते

पेट्रोलचा दर वाढला की आपला मध्यमवर्ग सरकारला जाब विचारतो. तो त्याने अवश्य विचारावा. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते, ते इंधन दरवाढीचा निषेध करण्यासाठीच. परंतु जाब विचारणाऱ्याने स्वतःच्या घरचा हिशेबही मांडला पाहिजे. तो मांडण्याची वेळ आली की आमचे सुशिक्षित बांधव ‘डिझेल परवडते की पेट्रोल’ या एकाच वादात रमतात आणि खरा प्रश्न बाजूला राहतो.

संभाजीनगरच्या छावणी परिसरातील नगर नाक्यावर सायंकाळी उभे राहावे. येथून एक रस्ता वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो, तर दुसरा पडेगाव-मिटमिटा मार्गे देवगिरीकडे. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात, गुरुवारी त्यात छावणीच्या आठवडी बाजाराची भर पडते आणि वाहतूक खोळंबते. गाड्या जागच्या हलत नाहीत. इंजिने मात्र धडधडत असतात. लहान मोटारीचे इंजिनही उभ्याउभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. वाट मोकळी होताच पुढच्या पन्नास पावलांसाठी गाडी उसळते आणि लगेच करकचून ब्रेक लागतो. विकत घेतलेल्या इंधनाची ब्रेकच्या घर्षणात उष्णता करून टाकण्याचा हा उद्योग डिझेलवाला आणि पेट्रोलवाला सारख्याच उत्साहाने करतो.

डिझेल इंजिन अधिक काटकसरी असते, हे सत्य आहे. त्यातील हवा अधिक दाबली जाते आणि कमी भारावर चालतानाही त्याची कार्यक्षमता पेट्रोल इंजिनाइतकी घसरत नाही. मात्र डिझेलच्या एका लिटरमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा असते, आणि ते जाळल्यावर कर्बवायूही अधिक निघतो: पेट्रोलचा सुमारे २.३ किलो, डिझेलचा सुमारे २.६ किलो. म्हणजे किलोमीटरच्या आकड्यातले सारेच श्रेय इंजिनाचे नाही.

आता व्यवहार पाहू. समजा, पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते, डिझेलची २०. पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९२ रुपये. किलोमीटरमागे बचत झाली २ रुपये ४० पैसे. डिझेलच्या गाडीसाठी १ लाख २० हजार रुपये जादा मोजले असतील, तर ते वसूल होण्यास ५० हजार किलोमीटर धावावे लागेल. वर्षातून ३०० दिवस रोज २० किलोमीटर जाणाऱ्या गृहस्थाला त्यासाठी आठ वर्षांहून अधिक काळ हवा! शिवाय एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाडीतील काजळी अडविणारी गाळणी साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. छावणीतून क्रांती चौकापर्यंतच्या फेऱ्यांनी ती तुंबते. ज्याची रोजची धाव जालना किंवा नगरपर्यंत आहे, त्याने डिझेल अवश्य घ्यावे. इतरांनी शेजाऱ्याचे पाहून घेऊ नये.

हा मोह निर्माण कोणी केला, हेही विसरता कामा नये. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, डिझेल मात्र अनुदानात राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होते, तर डिझेल ४१ रुपयांच्या आत. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या आणि एसटीच्या नावाने दिलेली सवलत आलिशान मोटारींच्या टाक्यांत जात होती. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातील धनिकांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर कौतुक झाले. त्यांतील डिझेलच्या किती, हा मुद्दा नाही; वैजापूरच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि अशी मोटार एकाच दराने डिझेल भरू शकत होती, हा मुद्दा आहे. जानेवारी २०१३ पासून दरमहा थोडी वाढ सुरू झाली, पण अखेर ऑक्टोबर २०१४ मध्ये मोदी सरकारने डिझेलही नियंत्रणमुक्त केले. ही विकृती संपली. सवयी मात्र तशाच राहिल्या.

या सवयी बदलण्यास पैसा लागत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून महामार्गावर शंभरऐवजी ऐंशीचा वेग ठेवला तरी मोठा फरक पडतो. टायरमधील हवा दर पंधरवड्याला तपासावी. अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल, तर इंजिन बंद करावे. देवगिरीचा घाट उतरताना ‘न्यूट्रल’ टाकून इंधन वाचते, हा भ्रम सोडावा. आधुनिक गाडीत गिअर ठेवून पाय काढला की इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये तो चालूच राहतो आणि गाडीवरचा ताबाही कमी होतो.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. १९९१ मध्ये आखाती युद्धाने तेल महागले, परकीय गंगाजळी आटली आणि देशाला सोने गहाण टाकावे लागले. अन्नटंचाईच्या काळात, १९६५ मध्ये, लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि सामान्य घरांनी ते पाळले. आज कोणी जेवण सोडा म्हणत नाही. फक्त पाय हलका ठेवा, एवढेच मागणे आहे.

पंच परिवर्तनात आपण पर्यावरण, स्वदेशी आणि नागरी कर्तव्य यांचा उच्चार करतो. मग बौद्धिकाला येताना एकाच वसाहतीतून चार गाड्यांतून चार कार्यकर्ते का यावेत? स्वदेशी साबण वापरणाऱ्या घराने विदेशी तेल नाक्यावर उभे राहून जाळावे, हे व्रत अपुरे आहे. येत्या महिन्यापासून प्रत्येक कुटुंबाने इंधनाची वही ठेवावी: किती लिटर भरले, किती किलोमीटर झाले. सरकारला जाब विचारताना ती वही हाती असली, तर आपल्या शब्दाला वजन येईल.