मटेरियलसकट

‘मटेरियलसकट’ हा शब्द ज्याने मराठीत आणला, त्याचं स्वतःचं घर कुणीतरी फुकटात बांधून दिलेलं असणार. “साहेब, मटेरियलसकट देऊन टाका, डोक्याला ताप नाही,” असं कंत्राटदार म्हणाला की आपण मध्यमवर्गीय माणसं विरघळतो. ताप खरंच डोक्याला होत नाही, तो थेट प्रॉव्हिडंट फंडाला होतो.

आमच्या न्हाणीघराच्या आणि ओट्याच्या अंदाजपत्रकात ‘सिमेंट, रेती, फरशी इत्यादी’ अशी एक ओळ होती. हिशेब करून पाहिला तेव्हा सगळ्यांत महाग वस्तू ‘इत्यादी’ ही निघाली.

कंत्राटदाराच्या भाषेत दर फक्त वाढतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मी पेपरातलं कात्रण त्याच्यापुढे धरलं. दुसऱ्याची पत्रिका बघावी तसं त्याने ते बघितलं आणि म्हणाला, “साहेब, आपला माल जुन्या रेटचा आहे.” आता गंमत बघा. दर चढतात तेव्हा याच्याकडचं प्रत्येक पोतं आज सकाळीच आलेलं असतं आणि उतरतात तेव्हा तेच पोतं पूर्वजांनी ठेवलेलं निघतं! बरं, सिमेंट म्हणजे काही मुरांबा नव्हे, मुरून गोडी वाढायला. चार-सहा महिने पडून राहिलं की त्याची ताकद जाते. माल खरंच जुना असेल तर तो स्वस्त नको का द्यायला?

रेतीची तऱ्हा आणखी वेगळी. ती मोजायची ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांनी, आणि येते नेमकी ओली. ओलसर बारीक रेती फुगते, कोरडीपेक्षा सहज पाव हिस्सा जास्त जागा अडवते. म्हणजे हवेचे पैसे आपण रेतीच्या भावाने देतो. दुधात पाणी घालणारा निदान पहाटे अंधारात तरी घालतो हो! प्लायवूडचं तर बोलायलाच नको. आठ बाय चारच्या शीटचे ३२ चौरस फूट आपण मोजून देतो, ‘वेस्टेज’ म्हणून वर आणखी देतो, आणि ते वेस्टेज संध्याकाळी सुताराच्या स्कूटरवरून निघून जातं.

कंत्राटदाराने नफा घेऊ नये, असं मी मुळीच म्हणत नाही. तो उन्हात उभा राहतो, उधारीवर माल उचलतो, आणि शेवटचा हप्ता बुडवणारी गिऱ्हाइकंही आपल्यातच असतात. घे बाबा पंधरा टक्के, वीस टक्के घे. पण कागदावर लिहून घे! मालाची कंपनी, ग्रेड, नग, दर आणि दुकानदाराचं बिल एवढंच आमचं मागणं. तर म्हणतो, “विश्वास नाही का साहेब?” आणि या एका प्रश्नाने आपण शरमतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून भाजीवालीशी पाऊण तास भांडणारे आपण, लाखाच्या व्यवहारात बिल मागायला लाजतो. सोनाराकडे वजनकाटा बघताना नाही कधी लाज वाटत!

सध्या आमच्या वरच्या मजल्यावर काम निघालं आहे. मी मुद्दाम जाऊन हे सगळं त्या गृहस्थांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, “तुमचं पटतं हो. पण आमचा कंत्राटदार ओळखीचा आहे. तुमच्याकडे काम करत होता ना, तोच.”