आधी दवाखाना, मग पंच



या सदरात आपण मिरची, कापूस, ज्वारी यांविषयी बोलतो. आजचा विषय पिकाचा नाही, घरातील लेकीबाळींचा आहे. वडीलधाऱ्यांनी तो वाचावा आणि घरात समजावून सांगावा.

२०२२ सालची आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील गोष्ट. धडगाव तालुक्यातील एका बापाची लेक ऑगस्टमध्ये गेली. तिच्यावर बलात्कार करून तिला मारले, असे त्याचे म्हणणे होते. पहिल्या शवविच्छेदनात त्या दृष्टीने तपासणी झाली नाही, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने शेतात खड्डा खणून तिचा देह मिठात ठेवला. सुमारे दीड महिन्याने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुसरी तपासणी झाली. खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पण पुरावा नासतो, हे त्या बापाला कोणी शिकवावे लागले नाही.

जिवंत बाईच्या अंगावरचा पुरावा तर त्याहून लवकर जातो. अंगावरील नमुने साधारण ९६ तासांपर्यंतच मिळू शकतात. खत टाकल्यावर घेतलेला मातीचा नमुना खरे सांगत नाही. तसेच अंघोळ केली, लुगडे धुतले की पुष्कळसे निघून जाते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. अंघोळ न करता सरकारी दवाखाना गाठावा. १०८ ची गाडी बोलवावी. पाड्यापर्यंत रस्ता नसेल तर झोळी करून सडकेपर्यंत आणावे.

२. पोलिसांच्या चिठ्ठीसाठी थांबू नये. चिठ्ठी नाही म्हणून तपासणी नाकारणाऱ्या ग्रामीण भागातील सरकारी डॉक्टरांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच नापसंती नोंदविली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करावेत, असे आहे. नाकारणे हा गुन्हा आहे. पोलिसांना दवाखानाच कळवितो.

३. अंगावरचे कपडे बदलले असल्यास धुऊ नयेत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदात गुंडाळावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

४. एचआयव्ही टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. उशीर झाला तरी जावेच. उपचाराचा हक्क संपत नाही.

५. तपासणी बाईच्या संमतीनेच होते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर स्त्री डॉक्टरनेच, आईवडील किंवा विश्वासातील माणसासमोर तपासावे. दोन बोटांची जुनी तपासणी करणे हे गैरवर्तन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. मुलगी पावरी किंवा मावची बोलणारी असेल तर तिचे म्हणणे डॉक्टरांना मराठीत सांगणारी आशाताई सोबत न्यावी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पंच बसतात, दंड ठरतो, प्रकरण मिटले म्हणतात. तोवर दोन-चार दिवस जातात. औषधाची वेळ टळते, पुरावाही जातो. दंडाचा पैसा बापाच्या हाती पडतो, दुखणे मात्र मुलीच्या अंगात राहते.

पंचांना आठ दिवसांनीही बसता येईल. दवाखान्याची गाडी त्याच रात्री निघाली पाहिजे.