'डाउनलोड पूर्ण' म्हणण्याआधी

महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात लाइट गेली की पाठोपाठ नेटही जातं. सातबारा काढायला आलेला माणूस सेवा केंद्राच्या बाकावर ताटकळतो. अखेर 'डाउनलोड पूर्ण' असं दिसतं, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन तो एसटी गाठतो. बँकेत ती उघडतच नाही.

अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' ही अक्षरं असतात. इथे 'एचटीएमएल' दिसेल आणि खाली 'सेवा तात्पुरती बंद आहे'. सर्व्हरने 503 असं स्पष्ट कळवलं होतं. डाउनलोडरने तो आकडा न वाचता आलेलं पान सातबारा म्हणून ठेवून दिलं. जगभर वापरलं जाणारं 'कर्ल' हे डाउनलोडचं साधनसुद्धा मुळात 404चं, म्हणजे 'सापडलं नाही' असं सांगणारं पान जतन करून काम फत्ते झाल्याचं कळवतं. 'फेल' हा पर्याय दिला, तरच ते 22 क्रमांकाची चूक दाखवून थांबतं.

22 जुलै 2021च्या पुरात महाडमध्ये घराघरांतले कागद चिखलात गेले. कागद गेले की डाउनलोड केलेल्या प्रतीवरच भिस्त. तेव्हापासून मला न उघडणाऱ्या फाइलीचा प्रश्न किरकोळ वाटत नाही.

नेट तुटणाऱ्या भागात खरी कसोटी लागते ती अर्धवट फाइल पुढे चालू करताना. डाउनलोडर 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं मागतो. उत्तर 206 आलं, तर तुकडा कुठून सुरू होतो ते पाहून तो जोडायचा. 200 आलं, तर सर्व्हर अख्खी फाइल पहिल्यापासून पाठवतोय. जुना तुकडा टाकून नव्याने लिहायला घ्यायचं. कित्येक स्क्रिप्टा इथेच नवी फाइल जुन्याच्या शेपटीला चिकटवतात. 416 म्हणजे मागितलेला भागच तिथे नाही: फाइल आधीच पूर्ण झाली असेल किंवा सर्व्हरवर बदलली असेल. लांबी ताडून पाहावी.

404 आलं तर पुन्हा पुन्हा दार ठोठावण्यात अर्थ नाही. 429 (फार विनंत्या) किंवा 503 आलं, तर किती वेळ थांबायचं तेही सर्व्हर सांगू शकतो; सांगितलं तर तेवढं थांबावंच. दहावीच्या निकालादिवशी न थांबणारे डाउनलोडर इतर मुलांचीही वाट अडवतात.

शिवाय काही संकेतस्थळं त्रुटीचं पानही 200 म्हणूनच पाठवतात. हा दोष त्यांचा, पण भोगतो बाकावरचा माणूस. म्हणून डाउनलोडरने फाइलीचा प्रकार, पहिली अक्षरं आणि लांबी तपासावी, आणि तोवर तिला 'पार्ट' अशा तात्पुरत्या नावाने ठेवावं.