दारुमाचा दुसरा डोळा

जपानहून भेट आलेल्या बाहुल्यांना आपल्याकडे बहुधा काचेच्या कपाटात जागा मिळते. लाकडी कोकेशीला किंवा ३ मार्चच्या सणाला मांडल्या जाणाऱ्या हिना बाहुल्यांना ती शोभतेही. दारुमा मात्र कपाटात कोंडू नये, असे आमचे मत आहे.

दारुमा म्हणजे बोधिधर्म. भारतातून चीनला गेलेले आणि झेन परंपरेने आद्य आचार्य मानलेले भिक्खू. नऊ वर्षे भिंतीसमोर ध्यानस्थ बसल्याने त्यांचे हातपाय झडले, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास नव्हे. पण या लाल, गोल बाहुलीला हातपाय नसतात ते त्यामुळेच. तिच्या तळाशी वजन असते. आडवी केली तरी ती उठून बसते.

ताकासाकी हे शहर दारुमासाठी प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील तेन्मेइ दुष्काळानंतर तेथील दारुमा-जी विहाराच्या भिक्खूंनी शेतकऱ्यांना लाकडी साच्यावर कागद चढवून ही बाहुली घडविण्यास शिकविले, असे परंपरा सांगते. भुकेल्या हातांना त्यांनी हुन्नर दिले.

बाहुलीचे दोन्ही डोळे कोरे असतात. संकल्प करताना एक डोळा रंगवायचा, तो सिद्धीस गेल्यावर दुसरा. वर्षअखेरीस ती विहारात परत नेऊन कृतज्ञतेने अग्नीच्या स्वाधीन करतात.

मग हा नवसच नव्हे काय? बाबासाहेबांनी आपल्याला ज्या अंधश्रद्धेतून बाहेर काढले, तीच मागील दाराने घरात येत नाही ना? प्रश्न रास्त आहे. जपानमध्येही दारुमा शुभवस्तू म्हणून विकला जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो कसा स्वीकारावा, हे ठरविणे आपल्या हाती आहे. नवस करणारा दुसऱ्याकडे मागतो. संकल्प करणारा स्वतःला बांधून घेतो. दहा पारमितांतील अधिष्ठान पारमिता याहून वेगळे काय सांगते? कागदाची बाहुली काही देत नाही. तिचा कोरा डोळा केवळ आठवण देतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, घरी दारुमा असेल तर तो मुलांच्या अभ्यासाच्या जागी ठेवावा. संकल्प मुलाचा असावा, आपल्या अपेक्षांचा नसावा. आणि दुसरा डोळा आपण रंगवू नये. वर्ष सरले आणि डोळा कोराच राहिला, तर मुलाला दोष न देता पुन्हा त्याच्याजवळ बसावे. माजी विद्यार्थ्यांनीही एखाद्या मुलाला दारुमा भेट देताना स्वतःसाठी एक घ्यावा. वसतिगृहात पहाटे उठून आपण केलेले किती संकल्प अजून एकाच डोळ्याने आपली वाट पाहत आहेत!