कामाचे टेबल हलता कामा नये

वाचकहो, तुमच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी अंधेरी, घाटकोपर, मुलुंडकडे कारखान्यात असेलच. गणपतीला तो गावी आला की त्याला विचारा, ‘तुझे व्हाइसचे टेबल कसे आहे रे?’ साकीनाक्याच्या गाळ्यात उभे राहायला जागा नसते, पण टेबल भक्कम असते. आपल्याकडे उलट. अंगण ऐसपैस, आणि विळ्याला धार लावायची ती पायाखाली धरून. मीही तसेच करी. एकदा कानस निसटली, डाव्या तळव्याला ४ टाके पडले, आणि ऐन पेरणीत हात गळ्यात बांधून बसलो.

मग बोरिवलीला फिटर असलेल्या पुतण्याने टेबल करून दिले. ते असे :

आधी उंची. ताठ उभे राहा, मूठ हनुवटीखाली धरा. कोपर जिथे येईल तिथे व्हाइसचा जबडा हवा. कोपर ४२ इंचांवर आणि व्हाइस ७ इंच उंच असेल, तर टेबल ३५ इंचांचे.

पाय बाभळीचे, ४ इंच जाड. लाकूड वाळलेले घ्या. ओले लाकूड आकसते आणि सांधे खिळखिळे होतात. फळी २ इंच जाडीची. खिळे नकोत, नट-बोल्ट लावा. ढिले झाले तर पुन्हा आवळता येतात. पायांना खाली आडव्या पट्ट्या आणि मागे एक तिरकी पट्टी द्या. टेबलाचे हलणे तीच थांबवते. पायांखाली सपाट दगड ठेवा, म्हणजे वाळवी सहसा चढत नाही.

व्हाइस मधोमध नको, पायाच्या डोक्यावर बसवा. त्याचा पक्का जबडा फळीच्या कडेच्या किंचित बाहेर आला, की लांब पहारही उभी धरता येते.

एक गोष्ट मात्र या टेबलावर नको. पीकरक्षणासाठी काही घरांत परवान्याची बंदूक असते. घरी काडतुसे भरू नका. शस्त्र कायदा, १९५९ नुसार काडतुसे बनवायला वेगळा परवाना लागतो. शिवाय ग्राइंडरची एक ठिणगी दारूला पुरते, आणि अंगणात पोरे खेळत असतात.

टेबल झाले की दोन्ही हातांनी जोरात ढकलून पाहा. हलले, तर त्या दिवशी कानस हातात घेऊ नका. आधी बोल्ट आवळा.