इंजिनाला मानक, कामगाराला काय?

१ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात बांधकामाच्या नव्या डिझेल यंत्रांना उत्सर्जनाची ‘स्टेज पाच’ मानके लागू झाली. पोकलेन, लोडर, रोलर, क्रेन अशी ही यंत्रे. या बदलाची जी चर्चा झाली ती मुख्यतः यंत्र किती महागणार आणि कंत्राटदाराचे गणित कसे बसणार यापुरती राहिली. त्या यंत्राच्या धुरात रोज आठ-दहा तास उभा राहणारा कामगार त्या चर्चेत कोठे दिसला नाही. म्हणूनच हा विषय कामगाराच्या बाजूने मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम जे चांगले झाले ते मान्य करू. २०११ पासून लागू असलेल्या स्टेज तीनमध्ये १३० किलोवॅटपेक्षा मोठ्या इंजिनाला दर युनिट ऊर्जेमागे ०.२ ग्रॅम कण सोडण्याची मुभा होती. स्टेज पाचमध्ये ही मर्यादा ०.०१५ ग्रॅम झाली, म्हणजे तेराव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय आता कणांच्या वजनाबरोबर त्यांच्या संख्येवरही बंधन आले. हे महत्त्वाचे आहे, कारण सर्वांत बारीक कण वजनात जवळजवळ भरतच नाहीत, पण फुफ्फुसात सर्वांत खोल तेच जातात. संख्येच्या अटीमुळे बहुतेक इंजिनांना काजळीचा फिल्टर बसवणे भाग पडले. सच्छिद्र भिंतींच्या या फिल्टरमध्ये काजळी अडते आणि सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून टाकली जाते. मध्यम व मोठ्या इंजिनांत युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी केले जाते. या साधनांना कमी गंधकाचे डिझेल लागते. दहा लाख भागांत दहा भाग गंधक असलेले डिझेल १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळू लागले. तेव्हा ‘आपल्याकडे हे जमणार नाही’ ही सबब आता उरलेली नाही.

मग प्रश्न कोठे आहे? प्रश्न असा, की हे मानक नव्या इंजिनाचे आहे. इंजिन विक्रीला येण्यापूर्वी प्रयोगशाळेत ठरावीक चक्रावर चालवून तपासले जाते आणि पास होते. पण कामगाराच्या शेजारी उभे असते ते बहुधा जुने, दोन-तीन मालकांच्या हातून गेलेले, भाड्याने आणलेले यंत्र. त्याला नवे मानक लागू नाही. नवी मानकेसुद्धा वेळेवर आली नाहीत. मार्च २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे स्टेज चार ऑक्टोबर २०२० मध्ये आणि स्टेज पाच एप्रिल २०२४ मध्ये यायची होती. बांधकाम यंत्रांना स्टेज चार लागू झाली एप्रिल २०२१ मध्ये, ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ मध्ये, आणि बांधकाम यंत्रांची स्टेज पाचही नऊ महिने पुढे गेली. महामारीची अडचण खरी होती आणि उत्पादकांना तयारीला वेळ लागतो हेही आम्ही नाकारत नाही. पण प्रत्येक मुदतवाढीत विकले गेलेले जुन्या पद्धतीचे इंजिन पुढे कित्येक वर्षे धूर ओकत राहते. मुदतवाढीच्या हिशेबात हा खर्च कोणी मांडला नाही, कारण तो कामगाराच्या छातीत जमा होतो.

हा खर्च काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कर्ककारक’ म्हटले होते. १२ जून २०१२ रोजी तिने ‘बहुधा’ हा शब्द काढून टाकला आणि डिझेलच्या धुराला ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीत बसवले. त्यामागे अमेरिकेतील आठ खाणींमधल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास हा एक मोठा आधार होता. ज्यांच्या वाट्याला सर्वाधिक धूर आला, त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका कमी धूर सोसणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. हा अभ्यास बाहेर येऊ नये म्हणून खाणमालकांच्या गटाने वर्षानुवर्षे न्यायालयीन झगडे केले, हेही आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

आपला कायदा काय सांगतो? बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत बोगदा किंवा बंदिस्त जागेत इंजिन चालत असेल तर हवेतील कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत पन्नास भागांच्या खाली राहावा, असे बजावले होते. नियम हेतूने चांगला, पण डिझेलसाठी अपुरा. पेट्रोल इंजिनाच्या तुलनेत डिझेल इंजिन हा वायू कमी सोडते. त्याचा खरा धोका काजळीत आहे आणि त्या नियमाने काजळी मोजायला सांगितलीच नाही. म्हणजे मोजणारा काटा बिनधोक दाखवणार आणि कामगार काळे थुंकत बोगद्याबाहेर येणार! युरोपीय संघाने कामाच्या जागी एक घनमीटर हवेत डिझेलच्या काजळीतला कार्बन ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा २१ फेब्रुवारी २०२३ पासून घातली आणि बोगदे व भूमिगत खाणींसाठी २१ फेब्रुवारी २०२६ ही तारीख ठरवली. हे मोजणे अवघड नाही. कामगाराच्या कॉलरला लहानसा पंप व गाळणी लावून पाळीभरची हवा तपासता येते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले, तेव्हा सतरा दिवस सारा देश श्वास रोखून बसला होता. ते सुखरूप बाहेर आले, याचा आनंद सर्वांना झाला. पण छत कोसळते तेव्हा बातमी होते. धुराने वीस-तीस वर्षांनी माणूस जातो तेव्हा होत नाही. तोवर त्याने दहा कंत्राटदार आणि पाच राज्ये बदललेली असतात. त्याचा आजार कामामुळे झाला हे सिद्ध करायला एक कागदही त्याच्या हाती नसतो.

या बाबतीत आम्ही स्वतःलाही मोकळे सोडत नाही. धूर हा ‘पर्यावरणवाल्यांचा’ प्रश्न आणि मजुरी, बोनस, कायमपण हे आपले, अशी वाटणी कामगार चळवळीने बरीच वर्षे मनोमन केली. ती चुकीची होती. शहराच्या हवेत धूर पोहोचण्याआधी तो कामगाराच्या नाकातून जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसाय सुरक्षा व आरोग्य संहिता लागू झाली आहे. तिच्याविषयीचे आक्षेप आपल्या जागी आहेतच. पण सुरक्षेची मानके ठरवण्याचा अधिकार तिने केंद्र सरकारला दिला आहे आणि त्या अधिकाराचा उपयोग करून घेणे हे आपले काम आहे. आमची मागणी चार कलमांची आहे. एक, डिझेलच्या काजळीसाठी कामाच्या जागेची मर्यादा ठरवावी आणि सुरुवात बोगदे व भूमिगत खाणींपासून करावी. दोन, अशा जागी फिल्टर नसलेले जुने यंत्र आणण्यास मनाई करावी. सरकारी कामांच्या निविदांत ही अट आजही घालता येईल. तीन, प्रत्येक कामगाराची धूर सोसल्याची व तपासणीची नोंद त्याच्याबरोबर राज्याराज्यांत फिरावी आणि तिची जबाबदारी मूळ मालकावर असावी. चार, फिल्टरची काजळी जाळण्यासाठी यंत्र थांबवावे लागले तर त्या वेळेची मजुरी ऑपरेटरची कापू नये, आणि फिल्टर साफ करणाऱ्या मेकॅनिकला योग्य मुखवटा व साधने मिळावीत. नाहीतर मजुरीच्या भीतीने ऑपरेटर लाल दिव्याकडे डोळेझाक करील, मालक फिल्टरच काढून फेकील आणि मानक कागदावर उरेल.

आमच्या संलग्न संघटनांनी पुढच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत एकच साधा प्रश्न विचारून सुरुवात करावी: आपल्या साइटवरची किती इंजिने कोणत्या स्टेजची आहेत? बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनाकडे ही यादीसुद्धा तयार नसेल. ती यादी हातात घेणे, ही या लढ्याची पहिली पायरी आहे.