सहल विकली, तर जीवही सांभाळा

'पाण्यात स्वतःच्या जबाबदारीवर उतरावे,' एवढे पावतीवर छापले की आपण सुटलो, असे अनेक सहल-आयोजकांना वाटते. आमच्या मते हा समज धोक्याचा आहे.

२००६ साली केरळात कोवळमच्या 'समुद्र' हॉटेलातील तलावात एक पाहुणा बुडून मरण पावला. हॉटेल राज्याच्या पर्यटन महामंडळाचे. तेथील जीवरक्षकाकडे बारमध्ये मद्य देण्याचेही काम होते! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ६२ लाख ५० हजार रुपये भरपाई ठरविली. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

ज्याने सोयीचे पैसे घेतले, त्याने सुरक्षितताही पुरवावी, हा सरळ न्याय आहे. काशीद, मुरूड, तारकर्लीला गिऱ्हाईक नेणाऱ्यांनाही तोच लावला पाहिजे, असे आम्हांस वाटते. भरती-ओहोटीची वेळ पाहणे, स्थानिक कोळ्यांना विचारणे, पट्टीचा पोहणारा किनाऱ्यावर ठेवणे, याला खर्च तो किती?

ग्राहकांनीही पावती जपून ठेवावी. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तेथील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

धंद्यात नफा-तोटा चालायचाच. पण गिऱ्हाइकाचा जीव तोट्याच्या खात्यात मांडता येत नाही.